मालनकाकूंची गोळी

जगतापकाका ताट घेऊन दारात उभे राहिले तेव्हा नलूआत्या मला पडवीत उकिडवं बसवून खो-खोतलं उठणं शिकवत होती, आणि मी पुन्हा एकदा तोंडावर पडले होते.

"पाय आधी, मग डोकं," आत्या खुर्चीतून म्हणाली. "तू डोकं आधी घालतेस. एवढं अभ्यासात घाल की."

"बसून कुणीही शिकवेल. उठून दाखव."

"दम लागतोय तरी तुझ्यापेक्षा जास्त बोलतेय, ते बघ. या आनंदराव, बसा. ही आमची राष्ट्रीय खेळाडू. जमिनीची चव बघत होती."

काका हसले नाहीत. डोकं तुळतुळीत, पांढरी टोपी, नवा शर्ट. हातातल्या ताटात नारळ, खण आणि एक पांढरी प्लॅस्टिकची बाटली. बाटलीला हळदीकुंकू लावलेलं होतं. मी सातवीत होते. औषधाच्या बाटलीला हळदीकुंकू मी जन्मात पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला हसू यायला लागलं आणि मी ते गुडघ्याला लागल्याचं नाटक करून गिळलं.

काका बाबांच्याच साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. त्यांच्या मालनकाकू फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेल्या होत्या आणि आदल्या दिवशीच त्यांचा तेरावा झाला होता. आणि आमची नलूआत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तिलाही तोच रोग निघाला होता. तिनं लग्न केलं नव्हतं. कन्याशाळेत खेळाची बाई होती आणि राहायला आमच्याकडेच. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, मैदानावर पळण्यात सगळी हयात गेलेली, आणि गाठ निघाली ती नेमकी फुप्फुसात. 'एखादी सिगारेट ओढून तरी बघायला हवी होती, फुकट बिल आलं,' असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. लोकांना हसावं की नाही ते कळायचं नाही आणि त्यांची ती फजिती बघायला तिला आवडायचं.

बाबा आतून आले. आईही पदराला हात पुसत आली. काकांनी ताट दोन्ही हातांनी पुढे केलं.

"जाताना सांगून गेली," काका म्हणाले. "माझ्या गोळ्या फेकू नका, कुणाच्या तरी उपयोगाला येऊ देत. डॉक्टरांनी महिने सांगितले होते, ह्या गोळीवर ती चार वर्षं जगली विलासराव. मोठ्या मुलाचं लग्न बघितलं तिनं. नलूताईंचाही फुप्फुसाचाच. म्हटलं, दान योग्य घरी जाऊ दे. घरात अजून आहेत, त्याही आणून देतो."

बाबा आत्याकडे बघायला लागले. कारण त्याच आठवड्यात आम्ही कराडला मोठ्या हॉस्पिटलात घोरपडे मॅडमकडे जाऊन आलो होतो. मॅडम म्हणाल्या होत्या, फुप्फुसाचा कॅन्सर हे नुसतं आडनाव झालं. त्या आडनावाची माणसं आतून निरनिराळी असतात. गाठीच्या पेशींत नेमका कुठला बिघाड आहे ते तपासलं की कळतं, ह्या माणसाला गोळी चालेल का, चालली तर कुठली. एकाची गोळी दुसऱ्याला म्हणजे पाण्यासारखी. पण सुईनं काढलेल्या पहिल्या तुकड्यात फक्त कॅन्सर आहे एवढंच ठरलं आणि तुकडा संपला. पुढच्या तपासणीला काही उरलं नाही. दुसरा तुकडा काढावा लागेल, लवकर या.

आत्याला ते लगेच पटलं होतं. "पळणारी कुठल्या बाजूनं वळते ते न बघता खो द्यायचा नसतो," ती गाडीत म्हणाली होती. बाबांना मात्र पटलं नव्हतं. माझ्या आजोबांच्या गळ्यातल्या गाठीला सुई लावली आणि त्यानंतर ते झपाट्यानं गेले, म्हणून सुई लागली की गाठ चवताळते, पसरते, हे आमच्या घरात देवाच्या वाक्यासारखं मानलं जायचं. एकदा लागली ती लागली. दुसऱ्यांदा नको.

आणि आता दारात ताट.

"मॅडम म्हणाल्या होत्या ना, तपासल्याशिवाय..." आत्या हळूच म्हणाली.

"नलूताई," काका म्हणाले. ताट तसंच पुढे. नारळ हलायला लागला होता.

आई पुटपुटली, "तेराव्याचं दान आहे. नाही म्हणू नये."

आत्यानं ताट घेतलं. भीड भिकेची बहीण म्हणतात. मैदानावर पंचांशी भांडून निकाल फिरवणारी माझी आत्या, एका माणसाच्या थरथरत्या हातांपुढे तिला नाही म्हणता आलं नाही. त्याच संध्याकाळी बाबांनी तिला देवापुढे बसवून पहिली गोळी दिली. मॅडमच्या हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा बाबांनी सांगितलं, आम्ही पुण्याला दाखवतोय. मी तिथेच गणितं सोडवत होते. बाबा खोटं बोलताना डोळे मिटतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मग पुरळ आलं.

आधी नाकावर, मग गालांवर, हनुवटीवर, छातीवर. लाल लाल फोड. मला तर आनंदच झाला, कारण माझ्या तोंडावर पण तेव्हाच पिंपल्स यायला लागले होते आणि घरात कुणाची तरी सोबत मिळाली.

"आत्या, तू वयात आलीस," मी म्हणाले.

"येऊ दे बाई. गेल्या वेळी कुणी लक्ष दिलं नव्हतं."

बाबांनी घाबरून जगतापकाकांना बोलावलं. काका आले, चष्मा लावला, आत्याचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि वजनकाट्यावर गाडी बघावी तसा बघितला. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला, की तेराव्यानंतर पहिल्यांदा मला त्यांचे दात दिसले.

"लागू पडली," ते म्हणाले. "मालनला पण अस्संच आलं होतं. नाकावर, गालावर. पुरळ आलं म्हणजे गोळी कामाला लागली, विलासराव. हे बघा मलम, तिचंच उरलंय, रात्री लावा."

बाबांनी त्यांना मिठी मारली. आमच्याकडे पुरुष मिठ्या मारत नाहीत, त्यामुळे दोघांनाही नंतर काय करावं सुचेना आणि दोघेही उसाच्या दराबद्दल बोलायला लागले. आईनं शिरा केला. पुरळ आल्याबद्दल शिरा. आत्यानं दोनदा मागून घेतला. फुप्फुसातलं पाणी आधी एकदा काढून झालं होतं, त्यामुळे तिला श्वासही जरा मोकळा येत होता, पण ते श्रेय कुणी त्या पाण्याला दिलं नाही. सगळं गोळीला. काका रोज ड्युटीवरून येताना डोकवायचे, पुरळ वाढलंय का बघायचे आणि वाढलं असलं की खूश होऊन चहा प्यायचे. मालनकाकूंबद्दल तासतासभर बोलायचे. आत्या ऐकायची. मला वाटतं, त्या माणसाला आमचं घर म्हणजे काकूंचा उरलेला संसार वाटत होता.

आत्या शाळेतही जायला लागली. तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. पोरी तिला चिडवायच्या, बाई, फेशियल उलटं झालं का. ती त्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावायची.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही जिंकत होतो. शेवटच्या डावात आत्या सीमेवरून ओरडत होती, आणि ओरडता ओरडता तिचा आवाजच थांबला. तोंड उघडं, हात वर, आणि आवाज नाही. ती खाली बसली. पोरी खेळतच राहिल्या, कारण आत्या काही सांगत नाही म्हणजे बरोबर चाललंय असा त्यांचा समज झाला. मी पळत गेले. तिचे ओठ जांभळे झाले होते.

"दादाला सांगू नकोस," एवढं ती म्हणाली. मी लगेच सांगितलं.

कराडला घोरपडे मॅडमनी बाबांना पुणं विचारलं नाही. त्यांनी आत्याचा चेहरा बघितला आणि फक्त एवढंच विचारलं, "हे पुरळ कधीपासून?"

"उन्हानं," बाबा म्हणाले. डोळे मिटून.

"उन्हाचं पुरळ मला ओळखता येतं. कुठली गोळी चालू आहे?"

आत्या श्वास घेण्यात गुंतली होती. बाबा जमिनीकडे बघत होते. आई दाराकडे.

"मालनकाकूंची," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी त्यांच्या खिशात हात घातला होता. मॅडमनी सगळं विचारून घेतलं, मीच सांगितलं, बाटलीवरचं नाव सांगितलं, शिऱ्यापर्यंत सगळं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं.

"पुरळ आलं म्हणजे गोळी अंगात पोचली," त्या म्हणाल्या. "गाठीला चालली असा त्याचा अर्थ नाही. ज्यांच्या गाठीत तो बिघाड नसतो त्यांनाही पुरळ येतं. मालनताईंची आधी तपासणी झाली होती, त्यात तो बिघाड सापडला, म्हणून त्यांना ती दिली. जगतापांना सांगितलं होतं मी. त्यांच्या लक्षात गोळी राहिली, तपासणी राहिली नाही."

नव्या फोटोत गाठ दुपटीहून मोठी होती आणि तिनं दुसरीही बाजू धरली होती. मॅडमनी त्याच दिवशी दुसरा तुकडा काढायचं ठरवलं. ह्या वेळी बाबांनी सही केली. कारण आता पसरायला काही राहिलंच नव्हतं.

बाहेर बाकाशेजारी आत्या चाकाच्या खुर्चीत बसली होती, नाकात नळी. बाबा समोर उभे. ते पाणी हवं का विचारत होते आणि पुन्हा पुन्हा तेच विचारत होते.

"दादा," आत्या म्हणाली. मधे श्वास घेत. "तू कारखान्यात काय करतोस रे?"

"काय नले?"

"सांग की. काय करतोस?"

मी सांगते. बाबा कारखान्याच्या शेती विभागात. शेतकऱ्यानं कितीही गयावया केली, माझा ऊस तयार आहे साहेब, शेजाऱ्याच्या आधी लावलाय साहेब, तरी बाबा शिवारात उतरतात, उसाला टोचून रसाचे थेंब काढतात आणि गोडी मोजायच्या यंत्रावर टाकतात. यंत्र जे म्हणेल ते. त्याशिवाय ते कुणालाही, अगदी चेअरमनच्या मेव्हण्यालाही, तोड देत नाहीत. ह्याचा त्यांना फार अभिमान. शेजारच्या फडातला ऊस पिकला म्हणजे तुझाही पिकला असं नसतं, हे वाक्य मी लहानपणापासून जेवताना ऐकलंय.

"उसाला टोचतोस," आत्या म्हणाली. "मला टोचायला भ्यालास."

बाबा भिंतीला टेकले. मग त्यांनी माझ्याकडं बघून मला पाणी आणायला पिटाळलं. मी परत आले तेव्हा आत्या मला म्हणाली, "त्याच्यावर एकट्यावर राग धरू नकोस. ताट मी घेतलं."

पण मला तिचं तेवढं काही पटलेलं नाही, आजही नाही. आता मी दहावीत आहे, वक्तृत्वाला जिल्ह्यात पहिली येते, विलासरावांची पोरगी फटकळ आहे हे गावात सर्वमान्य आहे, आणि मला कुणी विचारलं की एवढं धीटपणे बोलायला कुठे शिकलीस, तर मी हसून काही तरी सांगते.

तुकडा मुंबईला गेला. निकाल यायला वेळ लागतो म्हणाले. आत्याला घरी आणलं. सलाइनमधून द्यायचं औषध सोसेल एवढी ताकद तिच्यात नव्हती. ती माझ्याच खोलीत होती, आणि शेवटपर्यंत मला उठणं शिकवत होती, बोटांनी, पांघरुणावर दोन बोटं उकिडवी करून. पाय आधी. एका सकाळी आई तिचे केस विंचरत होती, आणि विंचरता विंचरता आईचा हात थांबला.

तिच्या तेराव्याला आमच्या अंगणात मांडव होता. पहिली पंगत बसली होती, पुरुषांची. आमच्याकडे तेराव्याच्या पंगतीला एक रीत आहे. पानावर काही टाकायचं नाही आणि सगळ्यांचं संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही. मधूनच माणूस उठला तर गेलेला जीव उपाशी राहतो म्हणतात. बाबा स्वतः वाढत होते. मी आमटीची बादली घेऊन त्यांच्या मागे, आणि बाबांचा फोन माझ्याकडे, कारण त्यांच्या धोतराला खिसा नव्हता.

फोन वाजला. घोरपडे मॅडम. मी बादली ठेवून मागच्या न्हाणीकडे गेले, तिथे आचारी कढया घासत होते.

"बाबांना दे गं रेवती," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता. धावत आलेल्या माणसासारखा. "नाहीतर तूच सांग. चांगली बातमी आहे. नलिनीताईंच्या तुकड्यात बिघाड सापडलाय. मालनताईंचा नाही, वेगळा. कमी लोकांत असतो तो. त्याच्यावर गोळी आहे. अशक्त माणसालाही देता येते, अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसतात त्यानं. उद्याच आणा त्यांना. आणता येणार नसेल तर मी येते."

आचाऱ्यानं कढई उपडी केली. मी तिच्यातलं पाणी पूर्ण निथळेपर्यंत बघत राहिले.

"मॅडम, आज तिचा तेरावा आहे," मी म्हणाले.

पलीकडे कागद खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुम्ही लवकर या म्हणालात तेव्हाच आम्ही परत आलो असतो तर?" मी विचारलं.

"रेवती, आता असं..."

"तर?"

"तर बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं चालते ती गोळी," मॅडम म्हणाल्या. "नक्की कुणाला किती, ते कुणीच सांगू शकत नाही."

मी परत मांडवात आले तेव्हा पंगत रंगात आली होती. जगतापकाका मधल्या ओळीत बसले होते. डोक्यावर केस पुन्हा आले होते, बारीक, पांढरे. शेजारच्या पाहुण्याला ते सांगत होते, "आमच्या हिची गोळी हो. शेवटचे चांगले दिवस मिळाले नलूताईंना. मैदानावर जायला लागल्या होत्या. पुरळ असं आलं होतं, अगदी हिच्यासारखं. तेवढं तरी पुण्य हिच्या पदरी." पाहुणा मान डोलावत होता. बाबा पुढ्यातच भाताचं पातेलं घेऊन उभे होते आणि तेही मान डोलावत होते.

"कुणाचा फोन?" बाबांनी विचारलं.

त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटतं त्यांना कळलं होतं. त्यांनी डोळे मिटले होते, मी खोटं बोलावं म्हणून.

"घोरपडे मॅडमचा," मी म्हणाले. मोठ्यानं नाही, पण पंगतीतल्या मधल्या ओळीला ऐकू गेलं. "आत्याच्या तुकड्याचा निकाल आला. तिच्यासाठी गोळी होती. वेगळी. काकूंची गोळी तिला चालणारच नव्हती."

जगतापकाकांचा हात भातात होता. तो तिथेच राहिला.

"रेवे," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ही वेळ आहे का गं बोलायची?"

"मग कुठली?"

पाहुणा आपल्या लाडवाकडे बघायला लागला. काकांनी एकदा पाय हलवला, उठायला निघाल्यासारखा. मग आजूबाजूची पानं बघितली, अर्धी भरलेली, आणि पाय परत मुडपून घेतला. त्यांनी भात कालवला. घास केला. खाल्ला. मग पुढचा, भात संपेपर्यंत. चावताना त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मिशीपर्यंत आलं, ते त्यांनी पुसलं नाही, कारण हात खरकटा होता आणि दुसरा हात जमिनीवर टेकलेला होता, तो उचलला असता तर ते कलंडले असते असं मला वाटलं.

बाबांनी भाताचं पातेलं माझ्या हातात दिलं.

"काकांच्या पानावरचा भात संपलाय," ते म्हणाले. "वाढ."

मी वाकले. नको असलं तर माणूस पानावर आडवा हात धरतो, एवढं सोपं आहे ते. काकांनी हात धरला नाही. मी एक डाव वाढला. ते माझ्याकडे न बघता तो खायला लागले, एकेक शीत वेचून. संपल्यावर मी थांबले, त्यांच्या हाताकडे बघत. हात आडवा झाला नाही.

मी पुन्हा वाढला.